किती कळश्या? सेन्सरच्या जाळ्याच्या नोंदी

कोल्हापूर, जून ते ऑगस्ट २०२५

शनिवार, २१ जून

सकाळची शाळा सुटल्यावर नववीची अठरा मुलं प्रयोगशाळेत थांबली. गेल्या वर्षी मी याच मुलांच्या पुढच्या तुकडीला मोबाइलवरून दिवा लावून दाखवला होता. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, आणि पुढच्या सोमवारी त्यातलं कुणाला काही आठवत नव्हतं. दिवा लावायला भिंतीवर बटण असतंच. मोबाइल कशाला, हा प्रश्न मुलांना पडला होता आणि तो बरोबर होता.

म्हणून यंदा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बाहेरच काढले नाहीत. एकच प्रश्न दिला: तुमच्या घरात रोज कोण कुणाला काय विचारतं, ज्याचं उत्तर द्यायला उठून बघायला जावं लागतं?

उत्तरं येत गेली तशी फळ्यावर लिहिली. 'टाकीत पाणी आहे का बघून ये.' 'गॅस बंद केलास का?' 'मागचं दार लावलं का?' 'आज कपडे आत वाळत घालू का बाहेर?' पहिलं वाक्य अकरा जणांच्या घरचं निघालं. मंगळवार पेठेतली एक मुलगी म्हणाली, "सर, आज्जी दिवसातनं तीन वेळा मला माडीवर पाठवती. पावसात जिना शेवाळतो." तिथंच ठरलं. चार गट: टाकी, गॅस, दार, हवा.

फळ्याच्या कोपऱ्यात नियमही लिहिला, वर्षभर पुसायचा नाही: २३० व्होल्टला कुणाचा हात लागणार नाही. मोटर चालू-बंद करायची रिले (बोर्डाच्या हुकमानं चालणारा स्विच) मुलांना हवी होती, मी नाही म्हटलं. आपलं सेन्सरचं जाळं सांगेल. बटण माणूस दाबेल.

शनिवार, २८ जून

सामान आलं. नोडएमसीयूचे सहा बोर्ड, प्रत्येकी २३० रुपये. त्यावरची ईएसपी८२६६ चिप शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची. २०१४ मध्ये ती हौशी लोकांच्या हाती पडली आणि वायफाय असलेला बोर्ड शाळेच्या खिशाला परवडू लागला. त्याआधी, २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावात आर्डुइनो हा असाच बोर्ड जन्माला आला तोही शिकवण्यासाठीच, हे मुलांना आवर्जून सांगितलं. आपण जे करतोय त्यासाठीच ही वस्तू मुळात बनली, हे कळलं की हात जरा धीट होतात.

पहिले दोन तास फक्त पिना ओळखण्यात गेले. हा बोर्ड ३.३ व्होल्टचा आहे आणि श्राव्यातीत सेन्सर (कानाला न ऐकू येणारा आवाज सोडून अंतर मोजणारा) परत पाठवतो तो संकेत ५ व्होल्टचा असतो. मधे एक किलोओहम आणि दोन किलोओहमचे रोध घालून तो उतरवायचा. विभवांतराची विभागणी पुस्तकातल्या आकृतीत बघितली होती, आज प्रत्येक गटानं मल्टिमीटर लावून बघितली: ३.३१, ३.२८, ३.३५. "सगळ्यांचं सारखं का नाही?" असं एकानं विचारलं. रोधावरचा सोनेरी पट्टा म्हणजे पाच टक्के इकडंतिकडं, हे मग आपोआप निघालं.

वायफायसाठी माझ्या घरचा जुना राउटर आणला. इंटरनेट नाही, लागतही नाही. एका मुलानं मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघितला तर बोर्डाला तो दिसेचना. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकते, फोन ५ वर बोलत होता.

शनिवार, ५ जुलै

उद्या आषाढी. मुलं कमी, अकराच.

आज बोर्डांनी एकमेकांशी बोलायचं कसं ते घेतलं. एमक्यूटीटी ही पद्धत १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी बांधली, तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवायला. संदेश उपग्रहावरून जायचे, म्हणून शब्द मोजून वापरायचे. यातला ब्रोकर समजावताना मी अडखळलो. मग शाहू मार्केट यार्डातला गुळाचा सौदा आठवला. शेतकरी ढेपा अडत्याकडं टाकतो, व्यापारी अडत्याकडून उचलतो. दोघांनी एकमेकांचं तोंड बघायची गरज नाही. टाकीवरचा बोर्ड शेतकरी, स्वयंपाकघरातला छोटा पडदा व्यापारी, आणि शाळेचा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक अडत्या. त्यावर मॉस्किटो नावाचा मोफत ब्रोकर बसवला. ज्यांच्या घरी उसाचं रान आहे त्यांनी पुढचं मला सांगितलं: "म्हणजे ढेपेवर खूण पाहिजे, कुणाचा माल ते कळायला." हीच खूण म्हणजे संदेशाचा विषय.

पाऊण तास वाया गेला तो वेगळ्याच गोष्टीत. ब्रोकर चालू, राउटर चालू, पण एकही बोर्ड जोडला जाईना. मॉस्किटोच्या दुसऱ्या आवृत्तीपासून तो मुळात फक्त स्वतःच्याच यंत्रातलं ऐकतो. बाहेरच्यांसाठी १८८३ क्रमांकाचं दार उघडून द्यावं लागतं, आणि नाव-पासवर्डशिवाय येऊ द्यायचं का तेही सांगावं लागतं. आम्ही दार उघडलं आणि पासवर्ड ठेवला. घरातली माहिती आहे, ती कुणीही वाचावी अशी नाही.

शनिवार, १२ जुलै

विषयांची नावं. मी फळ्यावर इंग्रजीत लिहायला लागलो आणि दार गटातल्या मुलीनं विचारलं, "मराठीत चालतंय का?"

चालतं. एमक्यूटीटीत विषयाचं नाव यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या बसवणाऱ्या संकेतात असतं, म्हणजे देवनागरीला काहीच आडकाठी नाही. हे मला ठाऊक होतं, तरी इतकी वर्षं मी ते कधी केलं नव्हतं. सगळ्या पाट्या बदलल्या: घर/टाकी/पातळी, घर/दार/मागचं, घर/स्वयंपाकघर/तापमान. खोली बदलल्यासारखं झालं. आतापर्यंत मागच्या बाकावर बसलेली दोन मुलं पुढं येऊन नावांवर भांडायला लागली: 'मागचं दार' का 'परसदार'?

त्याच उत्साहात टाकी गटानं सूचनेचं पूर्ण वाक्य लिहिलं: 'टाकीत पाणी कमी झालं आहे, कृपया मोटर लावा आणि पाणी भरून झाल्यावर मोटर बंद करायला विसरू नका'. पडदा कोराच. चूक कुठली दाखवेना. 'पाणी कमी' एवढंच पाठवलं की येतं, वाक्य पाठवलं की हवेत विरतं.

मी उत्तर सांगितलं नाही. शब्द एकेक कमी करत जा म्हटलं. वीस मिनिटांनी त्यांनी सीमा गाठली. मग हिशेब मांडला. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं. काना, वेलांटी, अनुस्वार, पायमोडका हेसुद्धा प्रत्येकी तीन. वाक्य २३३ बाइट, विषयाचं नाव ३५, वरचा खर्च ७. एकूण २७५. संदेश पाठवायला आम्ही पबसबक्लायंट ही तयार कोडची लायब्ररी वापरतो, तिची पिशवी मुळात २५६ बाइटची. मोठा माल दिसला की ती तो घेतच नाही, नुसतं 'नाही' म्हणते, आणि आमचा कोड ते 'नाही' ऐकतच नव्हता. पिशवी मोठी करता येते, एका ओळीचं काम. पण मुलांनीच ठरवलं, वाक्यं पडद्यावरच्या बोर्डात ठेवायची आणि जाळ्यावरून फक्त आकडा पाठवायचा. उपग्रहाचं बिल भरणाऱ्यांनी १९९९ मध्ये हेच ठरवलं होतं.

आपल्या लिपीला तिप्पट जागा लागते हे कळल्यावर एकाचं तोंड उतरलं. मी म्हटलं, जागा लागते तर देऊ. अक्षर बदलायचं नाही.

बुधवार, १६ जुलै

मधल्या सुट्टीत थोडंच. सहा बोर्ड एकदम लावले की सगळे जोडले-तुटले करत होते. एकेकटा लावला की निवांत. सगळ्यांना एकच कोड घातला होता, त्यामुळं सगळ्यांचं ब्रोकरकडचं नावही एकच. त्याच नावाचा दुसरा आला की ब्रोकर पहिल्याला बाहेर काढतो, तो परत येतो, मग दुसरा बाहेर. नावं वेगळी दिली, शांत झालं.

दार गटाचा दोष मजेशीर होता. दार उघडं असताना बोर्ड सुरू होतो, बंद असताना होत नाही. चुंबकी स्विच डी३ पिनेला लावलेला. ही पिन सुरू होताना शून्यावर असली की चिपला वाटतं नवा कोड भरायचाय, आणि ती वाट बघत बसते. डी५ वर हलवली.

शनिवार, १९ जुलै

मंगळवार पेठेत, वाड्याच्या माडीवर. टाकी गट आणि मी. हा दिवस सविस्तर लिहून ठेवतो.

हजार लिटरची काळी टाकी. आतला व्यास १०६ सेंटिमीटर, पाण्याची उंची भरल्यावर ११५. झाकणाखाली पाणी जेमतेम १२ सेंटिमीटरवर येतं, आणि जलरोधक श्राव्यातीत सेन्सरला वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं काही दिसत नाही. झाकणाला भोक पाडून त्यावर प्लास्टिकचा डबा उलटा बसवला, सेन्सर त्याच्या तळाला. १८ सेंटिमीटर मिळाले. भरलेली टाकी ३० वर, रिकामी १४५ वर. साधा उघडा सेन्सर शाळेत बादलीवर छान चालायचा, पण टाकीतल्या वाफेनं त्याच्या जाळीवर थेंब बसतात. त्याची आशा सोडली.

पाणी पडत असताना आकडे उड्या मारत होते: ७१, ७३, १४४, ७२, ३१, ७२, ७१. सरासरी काढली तर ७६, जी कुठंच नाही. मी सात मुलांना उंचीनं उभं केलं आणि मधल्याला पुढं बोलावलं. "मध्यक!" नववीच्या बीजगणितात आहे, परीक्षेत दोन-तीन गुणांना येतो. इथं त्यानं ७२ दिलं. सात वाचनं घ्यायची, लावायची, मधलं पाठवायचं.

खाली पडदा लावला: ६३ टक्के. आज्जी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, किती कळश्या हाईत ते सांगा की. शंभराला किती ते मला काय करायचंय?"

मी काही बोलायच्या आत नातीनं कळशी आणली. शाळेच्या मोजपात्रानं भरली: ८ लिटर ७०० मिलिलिटर. मग जिन्यावरच वहीत हिशेब. त्रिज्या ५३, वर्ग २८०९, गुणिले पाय, ८८२५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे टाकीतला एक सेंटिमीटर ८.८ लिटर. तिनं आकडा दोनदा तपासला आणि वर बघितलं. "सर, एक सेंटिमीटर म्हणजे एक कळशी!"

टाकीच्या तळाचे पाच सेंटिमीटर नळाला येत नाहीत, ते वजा. भरली टाकी म्हणजे ११० कळश्या. कोडमधली टक्केवारीची ओळ गेली. राहिली ती साधी वजाबाकी: १४० वजा अंतर. दुपारी कडक ऊन असलं तर गरम हवेत आवाज जरा जोरात पळतो, २५ अंशांना सेकंदाला ३४६ मीटर, ३५ ला ३५२. त्यानं कळशी-दोन कळशीचा फरक पडेल. आज्जींना तो चालतो म्हणाल्या.

पडद्यावर: ६८ कळश्या. आज्जींनी मान हलवली आणि चहा टाकला.

शुक्रवार, २५ जुलै

वाईट दिवस. आठच्या सुमारास त्या मुलीच्या वडिलांचा फोन आला, टाकी कोरडी आहे.

काल दुपारी लाइट गेली होती, तासाभरानं आली. राउटर उठला, रास्पबेरी पाय उठला, स्वयंपाकघरातला पडदाही उठला. माडीवरच्या बोर्डाचा अडॅप्टर पावसानं भिजून गेला होता, तो उठला नाही. पण पातळीचा संदेश आम्ही 'राखून ठेव' अशी खूण करून पाठवत होतो, म्हणजे नवीन जोडलेल्याला शेवटचा आकडा लगेच मिळावा. मॉस्किटोनं तो इमानानं जपला आणि पडद्याला दिला: ६४ कळश्या. काल दुपारचे ६४.

आज्जींनी पहाटे पडदा बघितला, ६४ म्हणजे दिवसाचं भागलं, मोटर लावली नाही. वाड्यातला हौद तीन बिऱ्हाडांत सामायिक. बाकीच्या दोघांनी भरून घेतलं, पाणी गेलं. साडेसातला नळ खाकरला.

मी शाळेला जायच्या आधी तिथं गेलो. आज्जी रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. "मी जिन्यानं जायचं सोडलं ना, माझंच चुकलं," म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, आज्जी, तुमचं काही चुकलं नाही. आम्ही तुम्हाला आकडा दिला आणि तो कधीचा आहे ते सांगितलं नाही. नात दारात उभी होती, तिच्यासमोरच सांगितलं, तिला ऐकू जावं म्हणून.

शनिवार, २६ जुलै

आज चारही गटांचं काम थांबवून एकाच गोष्टीवर बसलो: बोर्ड मेला तर कळणार कसं?

"हजेरी घ्यायची," एक मुलगा म्हणाला. शब्दशः तेच केलं. एमक्यूटीटीत बोर्ड जोडला जातानाच ब्रोकरकडं एक चिठ्ठी ठेवून जाऊ शकतो: मी न सांगता गेलो तर ही वाच. घर/टाकी/हजेरी या विषयावर बोर्ड आल्याआल्या 'हजर' लिहितो. चिठ्ठीत असतं 'गैरहजर'. ठरल्या वेळाच्या दीडपट काळ काही ऐकू आलं नाही की ब्रोकर चिठ्ठी वाचतो. आमच्या लायब्ररीत ती वेळ १५ सेकंद, म्हणजे साधारण २३ सेकंदांत कळतं. वायर उपटून घड्याळ लावून बघितलं, दर वेळी चोवीस सेकंदांच्या आत.

तेवढ्यावर थांबलो नाही, कारण ब्रोकरच बंद पडला तर चिठ्ठी वाचणार कोण? हा प्रश्न हवा गटाचा, आणि तो मला सुचला नव्हता. म्हणून पडदाही आता स्वतः घड्याळ बघतो. टाकी दर मिनिटाला बोलते. पाच मिनिटं ताजा आकडा आला नाही तर पडदा आकडा पुसतो आणि लिहितो, 'वर जाऊन बघा'. राखून ठेवायची खूण पातळीवरून काढली, हजेरीवर ठेवली.

अडॅप्टर आता माडीच्या आत आहे, वायर लांब.

शनिवार, २ ऑगस्ट

इशारा कितीला द्यायचा? वर्गात कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही. पावसाळ्यात आमच्याकडं सकाळी पहिला प्रश्न असतो, राजाराम बंधाऱ्याला किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे तिसरीतलं पोरही सांगतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा ही मुलं तिसरीतच होती. दोघांची घरं पाण्यात होती. एकानं सांगितलं, त्या आठवड्यात घरात सगळे फक्त आकडा विचारायचे.

टाकीचं उलटं: २० कळश्यांना इशारा, १० ला धोका. पहिल्याच चाचणीत बझर वेड्यासारखा चालू-बंद झाला, पाणी १९ आणि २० च्या मधे हलत होतं. आता इशारा २० ला लागतो आणि २५ च्या वर गेल्यावरच उठतो.

बाकीचे गट थोडक्यात. हवा गटाच्या डीएचटी११ या आर्द्रता मोजणाऱ्या सेन्सरनं आठवडाभर ९५ टक्के आर्द्रता दाखवली. त्याची हमीच ९० पर्यंतची. प्रयोगशाळेतल्या ओल्या-कोरड्या फुग्याच्या आर्द्रतामापकाशी ताडून बघितलं आणि डीएचटी२२ मागवला. कपडे बाहेर घालायचे का, याचं उत्तर तूर्त आकाशाकडं बघून.

गॅस गटाशी मी कडक वागलो. एमक्यू-२ सेन्सरच्या आत तापणारी तार असते, ५ व्होल्ट लागतात, नवीन असताना दिवस-दोन दिवस तापवून ठेवावा लागतो. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीपासून वीतभर उंचीवर. हे सगळं नीट केलं. पण तो मिरचीच्या फोडणीला ओरडतो आणि हात धुवायच्या सॅनिटायझरलाही. ज्याच्यावर माणसाचा जीव अवलंबून राहील असं यंत्र नववीच्या प्रयोगशाळेतून कुणाच्या घरी जाणार नाही. तो शाळेतच राहील, शिकायला. गट नाराज झाला. टाकी गटातली मुलगी त्यांच्याशी बोलली, काय बोलली मला माहीत नाही. सोमवारी ते स्वतः सेन्सरवर कागद चिकटवून गेले: 'हे अभ्यासासाठी आहे. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा.'

शनिवार, २३ ऑगस्ट

बुधवारी गणपती. प्रयोगशाळा आता थेट सप्टेंबरमध्ये उघडणार.

टाकीच्या चार आठवड्यांच्या नोंदी तपासल्या. दर रविवारी मुलीनं खुणा केलेली काठी टाकीत उभी धरून वाचन घेतलं आणि शेजारी पडद्याचा आकडा लिहिला. काठी ८४, पडदा ८४. काठी ४१, पडदा ४२. काठी १०३, पडदा १०१. काठी २९, पडदा २९. दोनदा 'वर जाऊन बघा' आलं, दोन्ही वेळा माडीवरची लाइट खरंच गेलेली होती.

आज्जींनी मला निरोप पाठवला होता म्हणून संध्याकाळी गेलो. गौरीला पाहुणे येणार, दीडशे कळश्या तरी लागतील, आणि टाकी ११० ची. मोटर दोनदा लावायची तर दुसऱ्यांदा कधी? नात वही घेऊन बसली होती. गेल्या महिन्यातले आकडे बघून ती म्हणाली, सकाळी सहा ते नऊ या तीन तासांत ताशी नऊ कळश्या जातात, पाहुणे असले तर दुप्पट धरू. साडेनऊला पडदा पन्नाशीच्या आसपास येईल, तेव्हा लाव. हौदात तोवर पाणी राहील का, हे मात्र शेजारच्या बिऱ्हाडांना विचारावं लागेल. आज्जी म्हणाल्या ते मी विचारते.

काठी माडीवर टाकीपाशी खिळ्याला टांगली आहे. रविवारचं वाचन सुट्टीतही चालू ठेवायचं ठरलं.